रविवारी खाल्लं तर चालतंय का?

रंकाळ्यावर सकाळी फेरी मारताना, पतसंस्थेत काउंटरच्या पलीकडून, परवा तर एका उत्तरकार्याच्या पंगतीत, प्रश्न एकच. "वजन उतरवलंस म्हणं. मग आठवड्यातनं एक दिवस मोकळा ठेवतोस का न्हाई? एक दिवस खाल्लं तर चालतंय न्हवं?" विचारणाऱ्याला माझी सही हवी असते. पंगतीतल्या गृहस्थांच्या तर हातात बुंदीचा लाडू होता आणि प्रश्न संपेपर्यंत तो निम्मा झालेला होता.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ताट चालतं, दिवस चालत नाही. एवढं म्हटलं की समोरचा "म्हणजे?" म्हणतो, आणि पुढचं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नसतं. म्हणून बसून लिहितोय.

माझं वय तेव्हा ४८, उंची पाच फूट सहा इंच, वजन ९१. तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. डॉक्टर म्हणाले, पाहुणा दारात आलाय, आत घ्यायचा का परत पाठवायचा ते तुम्ही बघा. मग एका ओळखीच्यानं १,२०० कॅलरींचा तक्ता दिला आणि जिमला जाणाऱ्या भाच्यानं त्याला पुरवणी जोडली. "मामा, सहा दिवस एकदम कडक. रविवारी चीट डे." आईला ते 'चिठ्ठी' ऐकू आलं. "कसली चिठ्ठी?" भाच्यानं समजावलं, "आज्जी, चीट. म्हणजे फसवायचं." आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणाला?"

पहिले तीन महिने मी भाच्याचं ऐकलं. माझा रविवार कसा असायचा ते वहीत लिहिलेलं आहे, त्यामुळं नाकारायची सोय नाही. सकाळी मिसळ, ब्रेडच्या चार स्लाइस, कट दोनदा मागून. येताना शंभर ग्रॅम जिलबी, घर येईपर्यंत निम्मी संपलेली. दुपारी मटण: सुक्कं, दोन भाकरी, तांबड्याबरोबर भात आणि मग पांढऱ्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्याबरोबरही भात. झोप. चारला चहा-खारी. संध्याकाळी भेळ, भेळ तिखट लागली म्हणून कुल्फी. रात्री "आज मला काही नको" असं जाहीर करून उरलेला रस्सा-भात. रस्सा रात्रीच चांगला मुरलेला असतो, हे कोल्हापुरात कुणाला शिकवावं लागत नाही. सगळं मिळून ३,८०० कॅलरींच्या आसपास. आसपास एवढ्यासाठी, की तर्री कुणी मोजत नाही.

तीन महिन्यांत वजन उतरलं एक किलो.

माझी नोकरी कॅशमधली. संध्याकाळी टॅली लागल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. तरी या बाबतीत मी तीन महिने टॅली न लावताच घरी जात होतो. एका रात्री वही घेऊन बसलो. माझ्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला त्या वजनाला दिवसाला साधारण २,३०० कॅलरी लागतात. तक्ता १,२००चा असला तरी वहीत निघत होत्या १,९००. कुणाच्या मुलाच्या निकालाचा पेढा, चारच्या सुमारास मूठभर शेंगदाणे, मग दुसरी मूठ. म्हणजे बचत रोजची ४००. सोमवार ते शुक्रवार, जमा २,०००. शनिवारी संध्याकाळी "उद्या रविवारच हाय की" म्हणून गरजेपेक्षा ४०० जास्त खाल्लेल्या. रविवारी १,५०० जास्त. शिल्लक १००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. भागाकार केला, १३ ग्रॅम आले. पुन्हा केला, पुन्हा १३. आमच्या घरातल्या तुपाच्या मोठ्या चमच्यात साधारण तेवढंच तूप बसतं. आठवडाभर काकडी चावून मी एक चमचा कमावत होतो.

त्यात सोमवार सकाळचा काटा. एका सोमवारी तो १ किलो ८०० ग्रॅमनं वर गेला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. वास्तविक तेवढी चरबी एका दिवसात चढायला गरजेपेक्षा चौदा हजारांच्या आसपास कॅलरी जास्त खायला लागतात. मला ते जत्रेतही जमलं नसतं. भात, ब्रेड, जिलबी यांतली साखर शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन करून ठेवतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. रश्शातलं मीठ आणखी पाणी धरतं, आणि जे पोटात आहे त्याचंही वजन असतंच. गुरुवारपर्यंत यातलं बरंचसं आपोआप उतरतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी घाबरून सोमवारी उपास धरला. शंकराचाच वार, घरात कुणी काही विचारलं नाही. दुपारी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ हातानं, वर दही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे ज्यानं कुणी म्हणून ठेवलं त्यानं माझी वहीच बघितली असणार.

खरी गोम मला फार उशिरा कळली. माझा रविवार एवढा मोठा का होता? कारण सोमवार फार चिक्कू होता. सहा दिवस पोटाला जे नाकारलं ते सातव्या दिवशी पोट व्याजासकट वसूल करत होतं.

१९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा एक प्रयोग केला होता. युद्धात शस्त्र धरायला नकार देऊन ही पोरं आपणहून तिथं आलेली. २४ आठवडे त्यांना बटाटे, सलगम, ब्रेड असलं बेतानं दिलं. सरासरी दिवसाला १,६००च्या थोड्या खालीच कॅलरी. ती पोरं स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागली, ताटं चाटायला लागली. नंतर जेवण मोकळं केलं तर काहींचं पोट फुगायची वेळ आली तरी भूक भागेना. आता ते मुळात सडपातळ होते, आठवड्याला ३५ किलोमीटर चालत होते, मी ९१ किलोचा खुर्चीवरचा माणूस. आमची बरोबरी नाही. पण ज्याला उपासमार म्हणून नोंदवून ठेवलंय तो आकडा वाचला आणि फ्रीजवर चुंबकानं लावलेल्या माझ्या तक्त्याकडं बघितलं. १,२००. त्या दिवशी तक्ता काढला आणि रोजचे सरळ १,८०० धरले. दोन चपात्या, भाजी, आमटी, ताक, अंडी, संध्याकाळी भाकरी. उपाशी वाटणार नाही असं. गंमत म्हणजे रविवारची वाट बघणं महिन्याभरात आपोआप कमी झालं.

दिवसाचा आणखी एक घोटाळा आहे. दिवस म्हटला की तो मोडायचाच असतो. १९७५ साली मानसशास्त्रातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या डाएटवाल्या होत्या त्यांनी उलट जास्त खाल्लं. कारण समजायला विद्यापीठात जायला नको. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. सकाळी मिसळ खाल्ली म्हणजे आजचा दिवस गेलाच, मग जिलबीनं काय घोडं मारलंय? माझी रात्रीची रस्सा-भाताची वाटी भुकेची कधीच नव्हती. बारा वाजायच्या आत सवलत वापरून घ्यायची, एवढंच तिचं काम.

भाच्याचं म्हणणं, अधूनमधून भरपूर खाल्लं की शरीराची भट्टी पेटते. त्यासाठी तो लेप्टिनचं नाव घेतो. भुकेशी संबंधित हे संप्रेरक १९९४ साली सापडलं, आणि जास्त खाल्ल्यावर ते वाढतं हे खरंच आहे. पण एका दिवसाची वाढ पुन्हा कमी खायला लागलं की उतरते. भाच्याचं वय तेवीस आहे, तो तासभर लोखंड उचलतो. त्याची भट्टी पेटलेलीच असते.

आता मी काय करतो ते. माझ्या वहीच्या मागच्या पानावर एक रकाना आहे, त्याचं नाव 'उचल'. पगारातून आगाऊ घेतात ती. फसवणूक वगैरे काही नाही. घेतली, लिहिली, हळूहळू फिटली. उचल एका ताटाची मिळते, दिवसाची नाही. आणि तारीख मी ठरवत नाही, ती भिंतीवरच्या कॅलेंडरनं आधीच ठरवलेली आहे. पाडव्याचं श्रीखंड, आंब्याचे दिवस, गावाकडच्या जत्रेचं मटण, बेंदराची पोळी, आखाडात एकदा तळणीच्या कापण्या, नारळीभात, मोदक, दसरा, दिवाळीचा पहिला फराळ. लग्नं धरून वर्षाला तीसेक ताटं होतात. आपल्या लोकांनी खाण्याचे दिवस आणि न खाण्याचे दिवस दोन्ही पंचांगात घालून ठेवलेत, त्यात मी आणखी बावन्न रविवार कशाला घालू? शिवाय या ताटांना माणसं असतात. माझ्या जुन्या रविवारची निम्मी जिलबी मी स्कूटरवर एकट्यानं खाल्लेली आहे.

रविवारचं मटण सोडलं का? नाही हो. कोल्हापुरात राहायचंय मला. पण ते आता उचलीत धरत नाही, साध्या जेवणात धरतो. सुक्कं, एक भाकरी, पांढऱ्याची वाटी, कांदा-लिंबू. भात एकदाच. मटण आधीही पापात नव्हतं, मीच त्याला मिसळ आणि कुल्फीच्या टोळीत बसवलं होतं.

असं करत चौदा महिन्यांत ९०चे ७७ झालो. साखर ५.६. भाचा म्हणतो फारच हळू. आहेच.

दोन जणांना मात्र मी हे सांगत नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी मोकळं ताट असो की उपास, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि ज्यांना एकदा सुरुवात झाली की थांबताच येत नाही, चोरून खावंसं वाटतं, नंतर रडू येतं, त्यांचा प्रश्न कॅलरींचा नसतो; त्यांनीही वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडंच जावं. आमच्या ओळखीत एक बाई होत्या अशा. त्यांना मी हिशेब लिहायला सांगितला होता, ती माझी चूक.

ताटाचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास होतो उरलेल्याचा. दिवाळीचा फराळ पहिल्या दिवशी खाऊन कुणी जाड होत नाही, डबे पंधरा दिवस ओट्यावर राहतात त्यानं होतं. चकल्या संपल्यावर त्यांचा चुरासुद्धा कुणीतरी खातं, आणि आमच्या घरात ते कुणीतरी कोण, हे सगळ्यांना माहीत आहे.

यंदाच्या बेंदराचंच सांगतो. दारात बैल नाहीत आता, कुंभाराकडून मातीची जोडी आणतो. पुरण आईच घालते, हरभऱ्याची डाळ, गूळ, जायफळ, अजून यंत्राला हात लावू देत नाही कुणाला. दोन पोळ्या खाल्ल्या, एक दूध-तुपात, एक गुळवणीत, कटाची आमटी दोन वाट्या. "अर्धी तरी घे" आलं, तेही घेतलं. मागच्या पानावर लिहिलं: बेंदूर, उचल, एक ताट. रात्री ताक पिऊन झोपलो. टॅली बरोबर.

सकाळी सहाला फेरीला निघताना स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. दुरडीत, फडक्यात गुंडाळलेल्या चार पोळ्या. ज्यांनी शिळी पुरणपोळी तव्यावर तूप सोडून कडक करून खाल्लेली नाही, त्यांना इथला पेच समजणार नाही. ताजीपेक्षा ती वरचढ असते. आई आधीच उठलेली, चहा टाकत होती. माझं बघणं तिनं बघितलं.

"खा की एक."

"आई, बेंदूर काल झाला. आज उचल नाही."

"मग? पोळी कालचीच हाय न्हवं? कालच्यात धर."

सत्तावीस वर्षं कॅशमध्ये काढली, मागच्या तारखेला एन्ट्री करता येत नाही हे मला माहीत आहे. तवा मीच तापवला. अर्ध्या पोळीवर थांबायचं ठरवलं होतं, अख्खी खाल्ली, आणि फेरीला जायच्या आधी वहीत आजच्या तारखेला लिहिली. उरलेल्या तीन पिशवीत घालून पतसंस्थेत नेल्या. साडेदहाला डबा उघडला आणि शेजारच्या काउंटरवरच्या साहेबांनी पहिला घास तोंडात टाकतच विचारलं, "काय ओ, आज मोकळा दिवस वाटतं तुमचा?"