खालचा सिलिंडर रुसला

दिवाळे गावच्या धक्क्यावर बाबांच्या होडीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन सुरू व्हायचं, पण नुसतं भकभक. बाबांनी ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर खापर फोडलं. नवे घातले; फरक शून्य.

मग चालू इंजिनावर, रबरी मुठीच्या पकडीने एकेक प्लगकॅप ओढून पाहिली. वरची काढली की इंजिन गचके खाऊन बंद. खालची काढली तरी आवाज तोच! म्हणजे खालचा सिलिंडर फुकटचा प्रवासी. ठिणगी मात्र निळी, कडक.

मग खालच्या सिलिंडरला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी हिरवट चिकट साका, जेटच्या, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकातून उजेडच दिसेना. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल, दुसरं काय! (तारेने टोचू नका, भोक मोठं होतं.) क्लीनर, मग हवा. ताजं पेट्रोल, आमच्या इंजिनाला ५० लिटरमागे १ लिटर ऑइल.

बाबा म्हणाले, "मी म्हटलंच होतं, कचरा असणार."

कधी म्हटलं होतं?