पुकाकीच्या काठाने: न्यूझीलंडच्या सरोवरांत भाड्याच्या गाडीने

क्राइस्टचर्चहून क्वीन्सटाउनला जाणारे बहुतेक प्रवासी टेकापो सरोवराशी अर्धा तास थांबतात, १९३५ सालच्या दगडी चर्चसमोर फोटो काढतात आणि पुढे निघतात. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. गाडी हाताशी असल्यामुळे मुक्काम टेकापो आणि ट्वायझल या गावांच्या पट्ट्यातच ठेवला, आणि तेच सगळ्यात चांगलं झालं. इथे किमान दोन रात्री राहाच. आओराकी, म्हणजे माउंट कुकचं शिखर, दिवसदिवस ढगात असतो आणि त्याच्यासाठी थांबायला सवड लागते.

क्राइस्टचर्च ते टेकापो साधारण सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. वाटेत जेराल्डीन आणि फेअरली लागतात. बर्क्स पास ओलांडला की हिरवी कुरणं संपतात आणि पिवळसर गवताचं मोकळं पठार सुरू होतं. हाच मॅकेन्झी प्रदेश. १८५५ मध्ये मेंढ्या चोरल्याच्या आरोपावरून पकडलेल्या जेम्स मॅकेन्झीचं नाव त्याला मिळालं. टेकापोच्या काठावर मेंढपाळांच्या कुत्र्याचा पुतळा आहे. बाबा चर्चपेक्षा तिथेच जास्त रमले.

पुकाकी सरोवराचा निळा रंग फोटोत खोटा वाटतो, पण खरंच तसाच आहे. हिमनद्या खडक दळतात, ते बारीक पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश विखुरतो. ट्वायझलच्या अलीकडे उजवीकडे ८० क्रमांकाचा रस्ता फुटतो, तो सरोवराच्या पश्चिम काठाने ५५ किलोमीटरवरच्या माउंट कुक गावात जातो. फोटोसाठी परतीच्या वाटेवर थांबा. तेव्हा पाणी तुमच्या डाव्या हाताला येतं, समोरची वाहनं न अडवता गाडी बाजूला घेता येते. जाताना मात्र शिखर समोर असतं, त्यामुळे चालवणाऱ्याने नजर रस्त्यावर ठेवावी आणि बघायचं काम इतरांना द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग हटले आणि ३७२४ मीटरचा आओराकी पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसला. १९९१ मध्ये माथ्यावरून दरड कोसळून त्याची उंची कमी झाली होती. हूकर खोऱ्याची वाट जाऊन-येऊन सुमारे १० किलोमीटर, फारशी चढ नसलेली, झुलत्या पुलांवरून जाणारी. शेवटी हिमनदीच्या तोंडचं तळं आणि त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. आईला एवढं चालणं नको होतं, म्हणून ती गावातच थांबली. पूल दुरुस्तीसाठी किंवा हवेमुळे वाट बंद असू शकते, तेव्हा संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, त्यामुळे सवय पटकन होते. अडचण येते ती एकपदरी पुलांची. पाटीवर तुमच्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबून समोरच्याला जाऊ द्या. मागे गाड्यांची रांग लागली तर जागा मिळताच बाजूला होऊन वाट द्या. तिथे ही रीत मनापासून पाळली जाते. जपानी गाडी मिळाली तर इंडिकेटर उजव्या हाताला असतो. आपला परवाना इंग्रजीत असला तरी मूळ कार्ड जवळच ठेवा.

वारा इथे जबरदस्त असतो. दार उघडताना हाताने घट्ट धरा, कारण उलटलेल्या दाराचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. विमा घेताना खडीच्या रस्त्यावरचं नुकसान त्यात धरलंय का, हे विचारूनच सही करा. टाकी टेकापो किंवा ट्वायझललाच भरा, नकाशा ऑफलाइन उतरवा, हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या मागा. आणि डब्यातले लाडू-चिवडा विमानतळावरच्या अर्जात लिहून टाका. न सांगितलेल्या खाण्यासाठी तिथे जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड आहे.