खात्यात आठ लाख, खिशात साठ युरो

ब्लॉक्ड अकाउंट हे नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे, कारण ते खरंच ब्लॉक्ड असतं. 2022 ला मी जर्मनीला आले तेव्हा स्टुडंट व्हिसासाठी त्यात 10,332 युरो भरून दाखवायला लागायचे (आता आकडा अजून वाढलाय), म्हणजे तेव्हाच्या रेटने आठ सव्वाआठ लाख रुपये. पैसे तुमचेच, पण मिळणार महिन्याला 861, आणि तेही इथल्या बँकेत खातं उघडल्यावर. खातं उघडायला माझ्याकडे मागितलं पत्त्याच्या नोंदणीचं सर्टिफिकेट, नोंदणीला लागते घरमालकाची सही, आणि घरमालक सही करणार डिपॉझिट हातात पडल्यावर. मी डॉर्टमुंडला उतरले तेव्हा जवळ हजार युरो कॅश होती, त्यातले 600 डिपॉझिटला गेले, 340 पहिल्या भाड्याला. उरले 60. नोंदणीची अपॉइंटमेंट साडेतीन आठवड्यांनी.

घरी फोन करून मागता आले असते असं तुम्ही म्हणाल. पण बाबा एसटीत कंडक्टर, त्या आठ लाखातले निम्म्याहून जास्त लोनचे, आणि एक लाख आत्याने एफडी मोडून दिलेले, आतेभावाच्या लग्नाआधी म्हणजे एप्रिलच्या आत परत करायच्या बोलीवर. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी एक छोटी वही दिली होती, म्हणाले रोज रात्री हिशोब लावायचा, रुपया इकडे तिकडे झाला तरी झोपायचं नाही. ड्युटीवरून आले की ते स्वतः तेच करायचे, कॅश डेपोत भरलेली असली तरी घरी परत डोक्यात जुळवायचे. आता अशा माणसाला मी पहिल्याच आठवड्यात काय सांगणार होते.

तर 8 ऑक्टोबरचा शनिवार. मी पायीच हिंडत होते (सवय अशी की घरात बसलं की भूक जास्त लागते) आणि क्रॉयत्सफिअर्टेल भागातून पिवळे शर्ट घातलेली माणसंच माणसं चाललेली, हातात बिअर, गाणी, सगळ्यांची तोंडं स्टेडियमकडे. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, त्या दिवशी डॉर्टमुंड विरुद्ध बायर्न मॅच होती आणि 2-2 झाली, अगदी शेवटच्या मिनिटाला गोल झाला, हे सगळं नंतर फ्लॅटमेटकडून कळलं. मला दिसत होत्या त्या बाटल्या. स्टेडियमच्या आत नेता येत नाहीत म्हणून लोक बाहेरच ठेवून जातात, कचऱ्याच्या डब्याशेजारी, भिंतीच्या कडेला, छान ओळीत. आणि इथे बाटलीवर डिपॉझिट असतं, रिकामी बाटली परत केली की मिळतं, फांड म्हणतात त्याला. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट, कॅनला आणि बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांना 25.

एक कॅन उचलायला मला दहा मिनिटं लागली असतील. आधी बुटाची लेस बांधली, मग मोबाईल बघितला, मग कोणाची तरी वाट बघतेय असं दाखवलं. ओळखणारं कोण होतं तिथे? कोणीच नाही, पण मान वर होईना. शेवटी उचलला आणि जागा कमी लागावी म्हणून पायाखाली चेपला, तर मागून कोणीतरी ओरडलं. सत्तरीतले आजोबा, सायकलच्या दोन्ही बाजूंना आयकियाच्या निळ्या पिशव्या. मला वाटलं ही त्यांची हद्द असणार, आता शिव्या बसणार. तर ते म्हणत होते की चेपू नकोस गं, मशीनला बारकोड वाचता आला नाही तर ती घेत नाही. मग मोडक्या इंग्लिशमध्ये आणि हातवाऱ्यांनी शिकवणीच घेतली. आधी कॅन उचल, हलके आणि पैसे जास्त. काचेच्या शेवटी, आणि तोंड फुटलेली असेल तर हातच लावू नको. एवढं सांगून ते सायकल घेऊन पुढे गेले, माझं नाव गाव काही विचारलं नाही, मला तेच बरं वाटलं.

रात्री सुपरमार्केट बंद व्हायच्या आत मशीनपुढे उभी राहिले. ते भिंतीतलं गोल भोक असतं, त्यात बाटली ठेवायची, ती गरगर फिरते, आत जाते आणि स्क्रीनवर आकडा वाढतो. मागे एक माणूस तीन बाटल्या घेऊन उभा होता, त्याला म्हटलं तुम्ही आधी घ्या. मग अजून एक बाई. तिलाही पुढे सोडलं. मला कोणी मागे नको होतं. 31 कॅन, 40 बाटल्या, चिठ्ठी आली 10 युरो 95 सेंटची. त्यात तांदूळ, लाल मसूर, कांदे, दूध, ब्रेड आणि अंडी आली. जॅकेटच्या बाहीला शिळ्या बिअरचा वास, तो तीन दिवस गेला नाही. त्याच रात्री आईचा व्हिडिओ कॉल, काय खाल्लंस? डाळभात. दिवसभर कुठे होतीस? लायब्ररीत. पहिलं उत्तर तरी खरं होतं. वहीत जमेच्या बाजूला लिहिलं 10.95 आणि पुढे नुसतं 'इतर'.

नोव्हेंबरात पहिले 861 आले. मी श्रीमंत झाल्यासारखी दोन दिवस हिंडले. मग भाडं 340, हेल्थ इन्शुरन्स 120 च्या आसपास, मोबाईल 10, आणि आत्याचे 250, म्हणजे तेव्हाचे वीस हजार, असे पाच हप्ते ठरवलेले. उरतात 141. दिवसाला पावणेपाच युरोच्या आत. टीव्ही आणि रेडिओची फी म्हणून दर घराला महिन्याला 18.36 युरो द्यायला लागतात, घरात टीव्ही नसला तरी (यावर मी अजून भांडू शकते), पण ती तिघांत विभागून 6.12 पडायची. त्यात फुटबॉलच्या वर्ल्डकपसाठी इथली लीग नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत बंद, म्हणजे माझा तो धंदाही बसला. ऐंशीने गुणायचा रोग सगळ्यांनाच होतो, पण मी उलटा गुणाकार पण करायचे, कॉफी अडीच युरो म्हणजे दहा कॅन. वर्गातली मुलं कॉफीला बोलवायची तेव्हा मी सांगायचे की मी कॉफी पीत नाही. दीड वर्ष वर्गात माझी ओळख 'ती कॉफी न पिणारी' अशीच होती.

कामासाठी अर्ज टाकत होतेच. एका हॉटेलात भांडी घासायला दोन संध्याकाळ ट्रायल म्हणून बोलावलं, सहा सहा तास, हात फुटले गरम पाण्याने, मग म्हणाले कळवतो. आज कळवतायत. खरंखुरं काम करून घेतलं की ट्रायलचे पण पैसे द्यावे लागतात हे मला खूप नंतर कळलं, तेव्हा नक्की विचारा, लाजू नका. डिसेंबरात ऑफिस साफ करायचं मिनीजॉब मिळालं, पहाटे पाचला, तासाला 12 युरो, आणि मिनीजॉब म्हणजे तेव्हा महिन्याला कमाई 520 युरोपर्यंतच. पहिला पगार आला त्या दिवशी मी 1 युरो 80 ची चीज ब्रेड घेतली आणि ट्रामस्टॉपवर उभ्या उभ्या खाल्ली, थंडीत चीज घट्ट झालेलं. वहीत लिहिली तेव्हा उगीच दोनदा आकडा बघितला.

आत्याचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये गेला. लग्नाचे फोटो मी व्हॉट्सॲपवर बघितले.

27 मे 2023 ला लीगचा शेवटचा सामना होता, जिंकले असते तर डॉर्टमुंड चॅम्पियन होणार होतं आणि गावभर पिवळं पिवळं झालेलं. माइन्झशी 2-2 झाली आणि सगळं गेलं. मोठमोठे दाढीवाले बाप्ये फुटपाथवर बसून रडत होते, आणि त्यांच्यामधून पिशव्या घेतलेली माणसं गुपचूप बाटल्या उचलत होती. ते सायकलवाले आजोबा दिसतायत का बघितलं, नाही दिसले. माझ्या पायाशी एक कॅन होता. उचलला, न चेपता बॅगेत टाकला. सवय.

त्या रात्री का कोण जाणे बाबांना सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "एका डब्याला पंचवीस सेंट? म्हणजे वीस-बावीस रुपये?"

"हो."

"चांगला भाव आहे की गं. मी रद्दी विकायचो. गाडीत लोक पेपर टाकून जायचे ना, मुक्कामाच्या गाडीवर असलो की सगळे गोळा करून पिशवीत घालायचो. तू शाळेत जायला लागलीस तेव्हाची गोष्ट. तुझ्या आईला नाही सांगितलं कधी."

मागून आईचा आवाज आला, "माहितेय मला. शर्टाच्या खिशात रद्दीवाल्याची चिठ्ठी असायची. धुताना रोज मीच काढून ठेवायचे."