कोंबडीच्या तळव्यातली गाठ घरी कापायची का?

पाऊस सुरू झाला की माझ्या फोनवर कोंबड्यांच्या पायांचे फोटो येऊ लागतात. पाय उलटा धरलेला, तळव्याच्या मधोमध काळी गोल खपली आणि भोवती सूज. पाठोपाठ ठरलेला प्रश्न: ‘व्हिडिओत दाखवतात तशी ब्लेडने कड कापून आतली गाठ ओढून काढू का? तालुक्याचा दवाखाना लांब आहे आणि कोंबडीसाठी कोण जातं?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून या वेळी नीट सगळंच लिहिते.

कापू नका. घरी करण्यासारखं मात्र बरंच आहे आणि दुखणं लवकर लक्षात आलं तर पुष्कळदा तेवढ्यानं भागतंही.

याला डॉक्टर बंबलफूट म्हणतात. तळव्याच्या गादीला बारीकशी जखम होते. कधी करवंदीचा काटा रुततो, कधी जांभ्याची कड लागते, कधी उंचावरून कोब्यावर उडी मारताना गादी ठेचते. त्या जखमेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा जंतू आपल्याही कातडीवर असतो आणि आपल्यालाही गळवं आणतो, म्हणून पाय हाताळताना हातमोजे घाला. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तो पाय धुऊ नका. काढलेलं ड्रेसिंग परसात टाकू नका, बाकीच्या कोंबड्या ते चोचीने उचलून फिरतात.

आतल्या पुवाबद्दल समजून घेतलंत, तर कापू नका असं का म्हणते ते कळेल. आपल्या गळवातला पू पातळ असतो, तोंड फुटलं की वाहून जातो. पक्ष्यांचं तसं नाही. आपल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पक्ष्यांच्या त्या जागच्या पेशींत, ज्यांना हेटेरोफिल म्हणतात, ते नसतं. त्यामुळे त्यांचा पू वितळत नाही, पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो. त्या गोळ्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून पोटातून दिलेलं औषधही तिथं धड पोचत नाही. व्हिडिओत ओढून काढतात तो हाच गोळा. पण तो सुटा नसतो, आजूबाजूला त्याचे फाटे गेलेले असतात आणि गादीच्या लगेच वर बोटं वळवणारे स्नायुबंध असतात. तिथं ब्लेड लागलं की बोट कायमचं निकामी होतं, नाहीतर जंतूंना सांध्यापर्यंत वाट मिळते. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं जेमतेम शंभर मिलीलीटरच्या आसपास. आणि भूल न देता तळवा कापला तर ती ओरडेलच असंही नाही. कोंबडी शिकार होणारा जीव आहे, दुखणं दडवणं तिच्या स्वभावातच आहे. ती गप्प राहिली म्हणून तिला दुखत नाही असं समजू नका, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

आता घरी काय करायचं ते सांगते. आमची चंद्री वनराजा जातीची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली ही जात गावठीपेक्षा अंगाने भारी. ती रोज गडग्यावरून थेट पेव्हर ब्लॉकवर उडी घ्यायची. एका पावसाळ्यात ती दाणे खाताना एक पाय पोटाशी घेऊन उभी राहताना दिसली. पाय उचलून पाहिला तर गादी गरम लागत होती आणि मधे मसुराएवढी काळी खपली होती. सूज बोटांच्या बेचक्यात किंवा वर पायाच्या नळीत गेलेली नव्हती. खाणं चालू होतं. एवढ्यावर असेल तर घरचा उपचार सुरू करायला हरकत नाही.

काम संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर काढा, तेव्हा कोंबडी शांत असते. माझी जाऊ तिला जुन्या पंचात गुंडाळून मांडीवर घेते आणि मी पाय बघते. एकटीने करायचं हे काम नाही. पंचा पंखांवरून घ्या, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती वरखाली झाली तरच त्याला श्वास घेता येतो. याच कारणानं तिला पाठीवर फार वेळ उताणी ठेवू नका.

पसरट टबमध्ये कोपराला सोसेल इतकं कोमट पाणी घ्यायचं, त्यात मेडिकलमधून आणलेलं एप्सम सॉल्ट दोन चमचे. शेतीच्या दुकानात हेच मॅग्नेशियम सल्फेट या नावाने मिळतं ते खत म्हणून असतं, ते नको. पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पहिल्या शेकात एक गोष्ट बघायची: तळव्याला चिकटलेली वाळकी विष्ठा आणि चिखल कधी कधी हुबेहूब खपलीसारखा दिसतो. तो भिजून सुटला आणि खाली कातडी धड निघाली तर देवाचे आभार माना आणि खुराडं साफ करा.

खपली खरी असेल तर नखाने उकरू नका. शेकून मऊ झाल्यावर आपणहून जेवढी सुटेल तेवढीच सुटू द्यायची. पाय स्वच्छ कापडाने, बोटांच्या मधेसुद्धा, पूर्ण कोरडा करायचा. मग बीटाडिनचं द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात फिकट तपकिरी होईल इतकं पातळ करून जखमेवर लावायचं. वर निर्जंतुक गॉज, त्यावर स्वतःला चिकटणाऱ्या पट्टीची अर्ध्या इंचाची चिरफाळी. ती पायाभोवती आणि बोटांच्या मधून आडवी-तिरपी न्यायची. सूज उंच असेल तर गॉजखाली कापसाची छोटी चुंबळ ठेवते, म्हणजे अंगाचा भार गाठीवर न येता कडेवर पडतो. पट्टी बांधल्यावर थोड्या वेळाने बोटं चाचपायची. ती गार पडली, फुगली किंवा निळसर दिसली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडायची. ड्रेसिंग रोज बदलायचं आणि ओलं झालं तर त्याच क्षणी. ओली पट्टी बांधून ठेवण्यापेक्षा ती नसलेली बरी.

या काळात कोंबडीला कोरड्या तुसावर वेगळी ठेवा, बसायची उंच दांडी काढून टाका. पण जागा अशी द्या की बाकीच्या तिला दिसतील आणि तिला त्या. एकटी डांबलेली कोंबडी खाणं सोडते. त्यांच्यात मोकळी मात्र सोडू नका. लाल जखम दिसली की त्या टोचून टोचून ती मोठी करतात.

लोक आणखी काय काय लावतात ते ऐकून मला धसका बसतो. बिब्बा अजिबात नको, त्यानं कातडी भाजते. रॉकेल नको. माणसाच्या कुरुपावरची औषधी पट्टीही नको, त्यातलं आम्ल चांगली कातडीसुद्धा खातं. हळद आणि तेल घरोघरी लावतात. हळदीशी माझं भांडण नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाला धूळ चिकटते, म्हणून उघड्या जखमेत मी ती भरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट रोज लावलं तर नवी येणारी कातडीच मरते. मलम वापरायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, त्यात स्टेरॉइड नाही आणि बधिर करणारं औषध नाही हे पाहून.

आणि घरातली वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही डायक्लोफेनॅक घातकच आहे. पक्ष्यांना दुखण्यावर मेलॉक्सिकॅम देतात, पण किती आणि किती दिवस हे पशुवैद्यांनीच ठरवायचं. प्रतिजैविकांचंही तेच. शेजारच्या पोल्ट्रीतून उरलेली बाटली आणून पाण्यात घालू नका. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथंच विचारून घ्या. ती अंडी शेजारी वाटूही नका.

आठवडाभरात सूज उतरायला लागली नाही, सूज बोटांच्या बेचक्यात किंवा नळीत चढली, कोंबडी पाय टेकेनाशी झाली, दोन्ही पाय धरले, खाणं कमी झालं किंवा बरी झालेली खपली पुन्हा आली, यातलं काहीही दिसलं तर घरचा उपचार थांबवून दवाखाना गाठायचा. संसर्ग हाडापर्यंत गेला आहे का हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही आणि गोळा काढायचा असेल तर तो भूल देऊनच काढायला हवा. पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात दाखवा, १९६२ हा टोल-फ्री नंबर लावा. शहरात असाल तर पोपट-लव्हबर्ड बघणारे डॉक्टर शोधा. मुंबईत परळला आणि साताऱ्याकडे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ‘कोंबडीच तर आहे, कापून खा’ असं उत्तर मलाही एका ठिकाणी मिळालं आहे. मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तुम्हीही जा. जिला नाव ठेवलंय, जी तुमच्या हाकेला दारात येते, तिच्यासाठी एसटीने तालुक्याला जाण्यात लाजण्यासारखं काही नाही.

लंगडणं म्हणजे दर वेळी हाच आजार असं मात्र नाही. नळीवरचे खवले उचलले गेले असतील तर ते माइट्स, म्हणजे कातडीत शिरणारे बारीक किडे, असतात. तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे पडला असेल तर मॅरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका घ्या. आणि अचानक दोन-चार कोंबड्या मेल्या, नळ्या जांभळ्या पडल्या, तर कशालाही हात न लावता आधी विभागाला कळवा. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून तरी आपल्याला हे माहीत असायला हवं.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते जमिनीबद्दल. पट्ट्या बांधून पाय बरा होतो आणि कोंबडी पुन्हा त्याच कोब्यावर उतरते. प्राणिसंग्रहालयांतल्या पेंग्विनांनाही हा रोग होतो, तिथंही कारण कडक, ओली जमीन आणि उभं राहणं जास्त, चालणं कमी. आपल्या घरांपुढचं मातीचं, सारवलेलं अंगण गेलं आणि पेव्हर ब्लॉक आले. माणसांची सोय झाली, कोंबड्यांच्या तळव्यांचं कुणी पाहिलं नाही. चंद्रीचा पाय सुकल्यावर आम्ही गडग्याच्या पायथ्याशी मातीचा उतार घातला आणि खुराड्यात तुसाचा जाड थर केला. पावसाळ्यात तूस ओलं झालं की त्याच दिवशी बदलायचं. पेंढा घातलात तर वास घेऊन बघा. बुरशी धरलेला पेंढा पाय वाचवेल, पण फुफ्फुसं घालवेल.

दांडी दोन इंच रुंद, कडा गोल केलेली, साल निघालेली कुसळं घासून काढलेली हवी. भारी अंगाच्या कोंबड्यांसाठी ती दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको. कोकणात आपण कोंबड्यांना भात आणि कणी एवढंच घालतो. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही आणि त्याच्या अभावानं तळव्याची कातडी कमजोर होते. शेवग्याचा पाला, पालक, पिकली पपई, पिवळा मका यातलं रोज काहीतरी पडू दे, जोडीला थोडं लेयर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य. मात्र लाडाने वजन वाढवू नका, तोही भार त्याच गादीवर येतो.

फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी शेवटी सांगते की एका पायाला गाठ निघाली असेल तर आज रात्रीच बाकीच्यांचेही पाय बघा. बॅटरी घ्या, खुराड्यात सगळ्या बसल्यावर एकेकीचा तळवा उलटा करून अंगठा फिरवा. निरोगी गादी मऊ असते, दोन्ही पायांची सारखी लागते. एक गरम किंवा फुगीर लागली तर त्याच रात्री कोमट पाण्याचा टब काढा, कारण खपली धरण्याआधी सापडलेली गादी बरी करणं सगळ्यात सोपं असतं.