रनर नामदेव जाधव

व्हिक्टोरिया क्रॉसचा, म्हणजे ब्रिटिश सैन्यातल्या शौर्याच्या सर्वोच्च पदकाचा, विषय निघाला की लोक पहिलं विचारतात, किती शत्रू मारले? पण हा क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं नाव घेतलं की मला आधी त्यांनी वाचवलेली दोन माणसं आठवतात.

नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे हे, वय 23, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये साधे शिपाई. काम कंपनी रनरचं, म्हणजे गोळीबार चालू असताना निरोप पोचवायचे. दुसरं महायुद्ध, तारीख 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी, दोन्ही काठांना पुराचे उंच बांध, त्यात जर्मन मशीनगन लपवलेल्या आणि सुरुंग पेरलेले. पूर्वेकडच्या बांधावरच्या हल्ल्यात ते ज्या छोट्या तुकडीत होते ती जवळजवळ पूर्ण संपली, आणि हा माणूस काय करतो तर एका जखमी जवानाला उचलतो, खोल पाण्यातून, उभा चढ चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेऊन ठेवतो आणि मग दुसऱ्याला आणायला परत जातो! त्याच वाटेने, त्याच माऱ्यात. एकदा नेलं तेव्हाच कुणीही म्हटलं असतं की बास झालं, खूप केलं. मला तर त्यांचं हे परत जाणंच सगळ्यात मोठं वाटतं.

त्यानंतर मेलेल्या सोबत्यांचा हिशोब चुकता करायला ते निघाले. पहिल्या मशीनगनवर धावून गेले, हाताला जखम झाली, टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) चालवता येईना तर ती टाकून दिली आणि ग्रेनेड घेऊन आणखी दोन ठाणी उडवली, मधेच ग्रेनेड संपले तर बांधावर सरपटत जाऊन अजून आणले. आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. बटालियन पार झाली.

त्याआधी 10 जुलै 1944 ला इटलीतच नाईक यशवंत घाडगेंनी, मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं होतं, पण ते तिथेच पडले, क्रॉस मरणोत्तर मिळाला. जाधव मात्र जिवंत परत आले, 1984 ला पुण्यात गेले. म्हणजे आपल्या आईवडिलांच्या पिढीला त्यांना भेटता आलं असतं, आणि तरी आज बहुतेकांना हे नाव माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या मुलांच्या पुस्तकात किमान एक पान तरी या रनरचं असायला हवं, आणि त्यात ते दोन जखमी जवान आधी यावेत, मशीनगन नंतर.