मोटरबोटीचा पंखा आणि आरपीएमची सुई

बोटीचा वेग वाढावा या हव्यासापोटी मी एकदा १७ पिचचा प्रोपेलर (पाणी मागे ढकलणारा पंखा) काढून २१ पिचचा बसवला आणि बोट होती त्यापेक्षाही सुस्त करून घेतली. प्रोपेलरच्या तुंब्यावर १३ × १७ असे जे आकडे कोरलेले असतात, ते इंचांत असतात. पहिला आकडा पात्यांच्या फिरण्याने होणाऱ्या वर्तुळाचा व्यास सांगतो, तर दुसरा म्हणजे पिच. मऊ लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा न घसरता एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल, ते अंतर. मी फक्त हा दुसरा आकडा पाहून हुरळलो होतो.

हिशेब कागदावर फार गोड दिसतो. इंजिन ५,५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर असेल आणि गिअरचे प्रमाण २:१ असेल, तर पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेतो, आणि १७ इंच पिच धरल्यास वेग ताशी सुमारे ७१ किलोमीटर येतो. पाणी मात्र लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे त्यातला दहा-पंधरा टक्के भाग घसरण्यातच जातो, आणि बोट जड असेल तर त्याहूनही अधिक. शिवाय पिच वाढवली की इंजिनावरचा भार वाढतो. एका इंचामागे पूर्ण थ्रॉटलवरचे साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात, हे मी लक्षातच घेतले नव्हते. माझ्या इंजिनाला ५,००० ते ६,००० ही मर्यादा नेमून दिलेली आहे. २१ पिच लावल्यावर थ्रॉटल टोकाला नेऊनही सुई ४,८०० च्या पुढे हलेना, नाक वर करून बोट पाणी ढकलत राहिली, आणि चढावर वरच्या गिअरमध्ये अडकलेल्या गाडीसारखे इंजिन कण्हू लागले. असे रोज चालवल्यास इंजिनाचे आयुष्य घटते. पिच फार कमी ठेवली तर उलट घडते, म्हणजे सुई मर्यादा ओलांडून जाते.

म्हणून चाचणी घ्यायची ती नेहमीची माणसे, सामान आणि इंधन घेऊनच. रिकाम्या बोटीवर मिळालेला आकडा मी तरी मानत नाही.

तीन पाती बहुतेकांना पुरतात. चार पात्यांनी पकड सुधारते, पण कमाल वेग थोडा घटतो. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ असूनही वाकत नाहीत, त्यामुळे ती अॅल्युमिनियमपेक्षा सरस चालतात. तरीही उथळ, खडकाळ पाण्यात मी अॅल्युमिनियमच वापरतो, कारण खडकावर आदळल्यावर ते पाते स्वतः वाकून धक्का सोसते, तर स्टीलचे पाते तो धक्का बराचसा शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोहोचवू शकते. २१ पिचचा तो पंखा आता कपाटात पडून आहे, आणि १७ पिचवर पूर्ण भार घेतलेल्या बोटीची सुई ५,५०० वर स्थिरावते.