तिक्वेशची वाइन आणि मातीच्या भांड्यातला घेवडा

उत्तर मॅसिडोनियात वाइनसाठी चाललोय म्हटल्यावर निम्म्यांनी विचारलं, "हा देश येतो कुठे?" उरलेले म्हणाले, "इटली-फ्रान्स सोडून तिकडे कशाला?" प्रश्न रास्तच होते. देश ग्रीसच्या उत्तरेला, पूर्वी युगोस्लाव्हियाचा भाग. युगोस्लाव्हियाच्या काळात इथली वाइन टँकर भरभरून बाहेर जायची, १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यावरही बरीच वर्षं तेच चाललं. बाटलीवर इथलं नाव दिसायला लागलं ते अलीकडे.

राजधानी स्कोप्येहून दक्षिणेला निघालं की वार्दार नदी सोबतीला असते. वेलेस शहर मागे पडेपर्यंत डोंगर उघडेबोडके, मग एकदम द्राक्षमळे. कावादार्त्सी, नेगोतिनो, देमिर कापिया ही गावं म्हणजे तिक्वेशचा पट्टा. कावादार्त्सीतली इथली सगळ्यात मोठी वायनरी १८८५ सालची, तिचंही नाव तिक्वेशच. एजियन समुद्राकडून नदीच्या खोऱ्यातून गरम हवा वर येते, त्यामुळे उन्हाळा कडक. व्रानेत्स या काळ्या द्राक्षाला हे ऊन मानवतं.

आम्ही गेलो त्या छोट्या वायनरीत व्रानेत्स शेवटी ओतली. रंग इतका गडद की पेल्यामागचं बोट दिसेना. घोट घेतला आणि पिकलेली जांभळं मूठभर खाल्ल्यासारखी जीभ जडावली. नवरा म्हणाला, "ही नुसती पिणं काही खरं नाही." मला पटलं. टेस्टिंगच्या टेबलावर, ब्रेडचा कोरडा तुकडा चघळत या वाइनला गुण देणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. ती जेवणाबरोबर प्यायचीच वाइन आहे.

जेवणाचा क्रम इथे ठरलेला. आधी सॅलड आणि राकिया ही फळांची कडक दारू, वाइन त्यानंतर. शोप्स्का सॅलड म्हणजे टोमॅटो, काकडी, कांदा आणि वरून सिरेन्ये या खारट पांढऱ्या चीजचा किसलेला डोंगर. मी हट्टाने त्याच्याबरोबर व्रानेत्स घेऊन पाहिली. टोमॅटोच्या आंबटपणाने तिचा तुरटपणा आणखी बोचरा झाला, मागे लोखंडी चव राहिली. तिथे स्मेदेरेव्का हवी. हलकी, आंबटसर पांढरी वाइन. गावकरी तीत सरळ बुडबुड्यांचं मिनरल वॉटर घालून पितात, आणि दुपारच्या उन्हात त्यांचंच बरोबर आहे.

मग तावचे ग्रावचे आलं. तेतोवोचा पांढरा घेवडा आधी शिजवतात, कांदा आणि लाल मिरचीची फोडणी देऊन मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजतात. आमच्या टेबलावर आलं तेव्हा कडेला रस अजून खदखदत होता, वर तपकिरी साय धरली होती आणि मधोमध एक अख्खी वाळकी मिरची रुतवलेली. खालचे दाणे लोण्यासारखे मऊ, वरचे किंचित कुरकुरीत. याच्याबरोबर स्तानुशिना प्यावी. हे तिक्वेशचंच द्राक्ष, रंगाने फिकं, वाइन हलकी, आंबटपणा टवटवीत. घेवड्याचा पिठूळपणा ती प्रत्येक घोटाला धुऊन काढते.

नवरा शाकाहारी, म्हणून एक सूचना. काही ठिकाणी या घेवड्यात धुरावलेलं मांस घालतात, आधी विचारून घ्या. 'पोस्नो' म्हटलं की उपासाचं, म्हणजे मांस आणि दूधदुभतं वगळून केलेलं समजतात. मासा मात्र काहींना चालतो, तेवढं वेगळं स्पष्ट करावं.

व्रानेत्सचा दिवस शेवटी आला तो तळलेल्या काश्कावाल चीजने आणि माझ्या केबापींनी, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या छोट्या वळकट्यांनी. मांसातली, चीजमधली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा धरून ठेवतात, मग जिभेवर फळाची चव उरते. सोबत आयवार होतं, लाल मिरच्यांची चटणी. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे अंगणाअंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजण्याचा वास असतो. साल काळी होईपर्यंत भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि तेलात तासन्‌तास ढवळत आटवायच्या. ढवळणाऱ्या बाईने हात थांबवला की तळ लागलाच. त्या गोडसर, धुरकट आयवारशी साधी, लाकडी पिंपात न मुरवलेली व्रानेत्स जमून गेली. पिंपातली महागडी बाटली मला परदेशी पाहुण्यांसाठी नटवल्यासारखी वाटली. तिखट भाजक्या मिरच्या आल्या तर मात्र लाल वाइन बाजूला ठेवा, जाळ वाढतो. तिथे सुगंधी तेम्यानिका थंडगार घ्यावी. ही मस्कत जातीची पांढरी वाइन.

बकलावा आला तेव्हा मी वयस्कर वेटरना विचारलं, "याच्याबरोबर कुठली वाइन?" त्यांनी माझा पेला उचलला, टेबल पुसलं आणि म्हणाले, "याच्याबरोबर कॉफी." न विचारताच दोन कप घेऊनही आले.